रांजणांचं बोलणं

एकदा, खूप पूर्वी, चीन देशात एका नदीकाठी कुंभारांचं गाव होतं. किती पूर्वी, ते सांगता येणार नाही. तिथल्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. पण त्या गावच्या रांजणांच्या खापऱ्या अजून नांगराच्या फाळाला लागतात, असं म्हणतात.

त्या गावची माती करडी आणि चिवट होती. तिचे माणसाच्या उंचीचे रांजण घडवायचे. मग लाकडाची राख आणि दगडाची पूड पाण्यात कालवून त्यांच्यावर लेप चढवायचा आणि डोंगराच्या उतारावरच्या लांबलचक भट्टीत ते भाजायचे. त्या जाळात लेप वितळून काचेसारखा होई. त्याला झिलई म्हणत. या गावची झिलई हिरवट-निळी होती, खोल डोहातल्या पाण्यासारखी.

पण गावाचं नाव झालं होतं ते रंगामुळे नाही. या गावचे रांजण बोलत.

भट्टीतून काढलेला रांजण गार होऊ लागला की माती आकसते आणि झिलईही आकसते, पण दोघी सारख्या आकसत नाहीत. मग झिलईवर केसासारखी बारीक रेघ उमटते आणि उमटताना आवाज होतो. टिंग. जरा वेळाने दुसरी रेघ. टक. रांजण फुटत नाही, गळत नाही. नुसती रेघांची नाजूक जाळी अंगभर पसरत जाते. हे कधी एक-दोन दिवस, तर कधी कितीतरी दिवस चालतं. गावातले लोक म्हणत, "रांजण बोलायला लागले."

त्यासाठी गावाने डोंगरात एक खोली कोरली होती. तिला बोलघर म्हणत. तिला खिडकी नव्हती, कारण वारा लागला तर जाळी बिघडते. कोमट रांजण आत मांडायचे, दाराला विटा लावायच्या, वरून चिखलाने लिंपायचं आणि रांजणांचं बोलणं संपेपर्यंत ते दार उघडायचं नाही.

बोलघराचा एक नियम होता. तिथे माणसाने तोंडातून शब्द काढायचा नाही. माणसाचा आवाज कानी पडला तर रांजण मुके होतात, अशी समजूत होती. लहानपणापासून सगळ्यांच्या हे अंगवळणी पडलेलं. आत काम करताना कुणाला बोलवायचं असलं, तर तो जवळच्या रांजणावर बोटाने टकटक करी.

बोलघराच्या भिंतीतून एक लांब बांबूची नळी बाहेर काढलेली होती. तिचं आतलं तोंड छताजवळ होतं आणि बाहेरच्या तोंडाशी एक चौरंग. त्या चौरंगावर बसायचा मान गावात एकाच माणसाला होता. त्याला सगळे थोरला म्हणत.

थोरला नळीला कान लावी, डोळे मिटी आणि सांगे, "डावीकडच्या रांगेतला मधला बोलला. रेघ गळ्यापासून पोटाकडे उतरली."

लोक माना डोलवत. नंतर दार उघडल्यावर सगळ्याच रांजणांवर सगळीकडे रेघा असत. कुठली रेघ कधी उमटली, ते कोण बघणार? पण थोरल्याचे कान म्हणजे कान, असं सगळा गाव म्हणे. हळूहळू थोरलाही म्हणू लागला.

थोरल्याला एक धाकटा भाऊ होता. माती मळणं, झिलई कालवणं, रांजण उचलून नेणं ही सगळी कामं तो करी. धाकट्याची बायको नदीच्या मुखाकडच्या कोळीवस्तीतून आलेली होती. मातीतलं तिला काही कळत नाही, असं गावातल्या बायका म्हणत. तिलाही ते खरं वाटे, म्हणून ती चारचौघांत फारशी बोलत नसे.

एकदा राजाकडून निरोप आला. राजाला नव्या महालासाठी रांजण हवे होते. ते बोलताना ऐकायला राजाचा सरदार स्वतः येणार होता. त्याला पसंत पडले, तर पुढे सगळे रांजण याच गावातून जाणार होते. थोरल्याला ‘राजाचे कान’ असा किताब मिळणार होता.

त्या दिवसापासून थोरल्याची झोप उडाली. सगळी घाई घाई झाली. झिलईच्या हौदात काठी बुडवून धाकटा म्हणाला, "दादा, झिलई पातळ वाटते. आणखी राख घालून चार दिवस मुरू द्यावी का?"

"चार दिवसांनी काय सरदाराला तुझं तोंड दाखवू?" थोरला म्हणाला. "चढव लेप. पुढचं माझे कान बघून घेतील."

धाकट्याने लेप चढवला. भट्टी पेटली, विझली, निवत आली. रांजण कोमट असतानाच माणसांनी ते बोलघरात नेऊन मांडले.

शेवटचा रांजण सगळ्यात मोठा होता. तो मागच्या भिंतीशी ठेवला, पण जरा डगमगत होता. धाकट्याने भाजक्या मातीची एक पाचर घेतली आणि ती बुडाशी बसवायला तो रांजणांच्या मागे वाकला. बाकीचे ओझेकरी बाहेर पडले.

तेवढ्यात नदीकडून ढोल वाजू लागले. सरदाराची नाव अपेक्षेपेक्षा लवकर आली होती.

"दार लावा! लवकर!" अशी थोरल्याने हाताने खूण केली.

गवंडी वीट हातात घेऊन त्याच्याजवळ गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, सगळे बाहेर आले का? एकदा आत बघू का?"

"आले असतील रे! धाकट्याला मी रांजण न्यायला नावा ठरवायला घाटावर जा म्हणून सांगितलं होतं. तो केव्हाच गेला असेल. तू विटा लाव. सरदार घाटावर उभा आहे."

गवंड्याने विटा लावल्या. वरून चिखल थापला. घाईत चिखलाचे गोळे दाराशेजारी पायाखाली पडले, ते तिथेच राहिले.

आत रांजणांच्या मागे अडचणीत वाकलेल्या धाकट्याला विटांचा आवाज आला, पण कोमट रांजणांच्या दाटीतून पटकन बाहेर पडता येईना. त्याने काय केलं? ओरडला? नाही. जन्मभराची सवय. त्याने हातातल्या पाचरीने रांजणावर टकटक केलं.

बाहेर ढोल वाजत होते.

शेवटची वीट बसली आणि उजेड गेला, तेव्हा मात्र तो नियम विसरला. त्याने जिवाच्या आकांताने हाका मारल्या. पण भिंत जाड होती, ढकलून हलेना, आणि सरदाराची मिरवणूक ढोल वाजवत आता गावात शिरली होती. आत रांजणांची ऊब होती, राखेची धूळ होती, पाणी नव्हतं. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. छताजवळची नळी त्याच्या हाताच्या फार वर होती. मग त्याच्याकडे एकच गोष्ट उरली.

टक टक. टक.

संध्याकाळच्या आत थोरल्याने सरदाराला बोलघरापाशी आणलं. सारा गाव गोळा झाला. थोरला चौरंगावर बसला, नळीला कान लावला, डोळे मिटले. आणि त्याचा चेहरा उजळला.

"सरकार," तो म्हणाला, "असं मी आजवर ऐकलेलं नाही! रांजण नुसते बोलत नाहीत. तालात बोलतायत!"

सरदाराने कान लावला. त्याचे डोळे विस्फारले. "वा! हे तर गाणं आहे! राजेसाहेबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही."

मग तिथे रांगच लागली. म्हातारे आले, पोरंसोरं आली. एक बाई कान लावून हसली, "अगं बाई, हा रांजण तर माझ्या सासूसारखा आहे. थांबायचं नावच घेत नाही!" सगळे खळखळून हसले. सासू शेजारीच उभी होती, तीही हसली.

रांगेच्या शेवटी धाकट्याची बायको होती. सकाळी तिने नवऱ्यासाठी कमळाच्या पानात भात बांधून दिला होता. ती पुरचुंडी अजून भट्टीजवळच्या खुंटीला तशीच लटकत होती. न जेवताच हे नदीवर कसे गेले, याच विचारात ती होती. तिची पाळी आली. तिने कान लावला.

टक टक. टक.

ती एकदम मागे सरली. पुन्हा कान लावला. मग मान वळवून हळूच म्हणाली, "भावोजी, हे रांजण नाहीत."

"काय?"

"हे घरचेच आहेत. घरी आले की असंच दार वाजवतात ते. दोनदा लगोलग, मग थांबून एकदा."

मग मागून एकजण ओरडला, "मग उघड की दार आणि वाढ त्याला जेवायला!"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "कोळ्यांकडे मासे बोलत असतील. इथे रांजण बोलतात, बाई!"

सरदाराने भुवया उंचावल्या. थोरल्याचे कान लाल झाले. तो तिच्याजवळ जाऊन दातांतल्या दातांत म्हणाला, "धाकटे, राजाच्या माणसासमोर माझी शोभा करू नकोस. तो नदीवर गेलाय. तुला मातीतलं काय कळतं? घरी जा."

खरंच, आपल्याला काय कळतं, असं तिला वाटलं. एवढे जाणते लोक ऐकतायत, त्यांना कळणार नाही का? ती मान खाली घालून निघून गेली. तिच्या पाठीमागे नळीतून आवाज येतच होता.

दुसऱ्या दिवशी आवाज सावकाश झाला. दोन टकटकींमध्ये खूप वेळ जाऊ लागला.

"आता ते पिकत चाललेत," थोरला कौतुकाच्या भरात स्वतःच नियम विसरून, नळीशी तोंड नेऊन मोठ्याने सांगत होता. "तरुणपणी माणूस भराभर बोलतो, म्हातारपणी तोलून बोलतो. तसंच हे. ऐका! हा मागच्या भिंतीशी जो सगळ्यात मोठा आहे ना, तो बोलला. काय गोड आवाज आहे! असाच बोलत राहा, बाबा!"

सरदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने उपरण्याने ते पुसलं.

त्याच वेळी धाकट्याची बायको नदीच्या घाटावर उभी होती. तिने नावाड्याला विचारलं, "आमचे घरचे नावा ठरवायला आले होते ना?"

"धाकटा?" नावाडी जाळं झटकत म्हणाला. "नाही बा. इकडे फिरकलाच नाही. मी कालपासून त्याचीच वाट बघतोय."

ती धावतच परतली. बोलघराशी माणसांची दाटी होती, म्हणून ती कडेने दारापर्यंत गेली. तिथे पडलेला चिखल उन्हाने वाळून तडकला होता. एका भेगेतून गवताची वेणी दिसली. तिने बसून नखांनी चिखल उकरला.

आत गवताच्या वहाणा होत्या. बोलघरात अनवाणी जातात, म्हणून कुणीतरी दाराशी काढून ठेवलेल्या. अंगठ्याचा पट्टा तुटलेला होता आणि तो निळ्या दोऱ्याने बांधला होता. तो दोरा तिनेच बांधला होता.

इकडे थोरला चौरंगावरून उठला. त्याने दोन्ही हात वर केले आणि सगळे शांत झाले.

"झालं," तो गंभीरपणे म्हणाला. "बोलणं संपलं. आता एक आवाजही येत नाही. जाळी पुरी झाली!"

लोकांनी माना झुकवल्या. सरदार म्हणाला, "धन्य आहेत तुमचे कान."

त्या शांततेत धाकट्याची बायको गर्दीतून पुढे आली. तिने त्या वहाणा थोरल्याच्या पायापाशी ठेवल्या. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "भावोजी, या बोलघराच्या दाराशी होत्या."

थोरल्याने वहाणांकडे पाहिलं. निळ्या दोऱ्याकडे पाहिलं. हशा पिकवणारा तो माणूस तोंडावर हात धरून मागे सरला. सासूवरून विनोद करणारी बाई मटकन खाली बसली. कारण प्रत्येकाने तो आवाज आपल्या कानाने ऐकला होता. रांगेत उभं राहून, आपली पाळी येईपर्यंत वाट बघून ऐकला होता.

धाकट्याच्या बायकोने कुणाची वाट पाहिली नाही. तिने भट्टीशी पडलेली लोखंडी सळई उचलली आणि ती दाराकडे धावली.

आणि मग सगळ्यात भयंकर गोष्ट घडली. थोरला धावत जाऊन दारापुढे हात पसरून उभा राहिला.

"नको! वारा लागेल!"

तो काय बोलून गेला, ते त्याचं त्यालाच नंतर कळलं. पण बोलला होता खरा. सगळ्यांनी ऐकलं. तीही हातात सळई धरून त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

गवंडी पुढे झाला. त्याने थोरल्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि तिच्या हातातून सळई घेतली. "विटा मी लावल्या," तो म्हणाला, "मीच काढतो."

भिंत पडली. उजेड आत शिरला, वारा आत शिरला. आता रांजण ताडताड तडकणार म्हणून लोकांनी कानांवर हात ठेवले. काहीच झालं नाही. एक टिंगसुद्धा नाही.

धाकटा मागच्या भिंतीशी, सगळ्यात मोठ्या रांजणाला टेकून पडला होता. मुठीत पाचर होती. रांजणावर जिथे तो ठोकत होता, तिथे बोटांचं रक्त वाळून काळं पडलं होतं. बायकोने त्याच्या नाकाशी गाल नेला.

"पाणी!" ती किंचाळली. त्या गावात तिचा मोठा आवाज पहिल्यांदाच कुणी ऐकला. "जिवंत आहेत! पाणी आणा!"

माणसं पळाली. पाणी आलं. थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडलं.

सरदार एक पलिता घेऊन आत आला. त्याने तो एका रांजणाजवळ नेला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग त्याची पावलं थांबली.

"यांच्यावर रेघ कुठे आहे?" तो म्हणाला.

लोक बघू लागले. गळ्यावर बघितलं, पोटावर बघितलं, बुडाशी बघितलं. झिलई तेलासारखी गुळगुळीत होती. लेप पातळ बसला होता आणि पातळ झिलईला रेघ पडलीच नव्हती. एकाही रांजणावर एकही रेघ नव्हती. रांजण बोलायचे थांबले नव्हते. ते कधी बोललेच नव्हते.

"मग," सरदाराने विचारलं, "मग आपण हे काय ऐकत होतो?"

सगळे धाकट्याकडे बघत होते. त्या सबंध खोलीत रेघांची जाळी एकाच ठिकाणी होती, तहानेने सुकून तडकलेल्या त्याच्या ओठांवर.

धाकट्याने डोळे उघडले. समोर भाऊ दिसला. तो काहीतरी पुटपुटला, पण ऐकू येईना. थोरल्याला गुडघे टेकून, वाकून, कान थेट त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"दादा," धाकटा कुजबुजला, "मला नळीतून तुझं ऐकू येत होतं. तू माझं किती कौतुक केलंस."

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच तेवढंच सांगत होता. म्हणूनच ते थोरल्याला सोसलं नाही. तो तिथेच जमिनीवर कोसळला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

सरदार रिकामी नाव घेऊन परत गेला. किताबाचं नाव कुणी काढलं नाही. राजाने रांजण दुसऱ्या गावाकडून घेतले. या गावाकडे राजाचा माणूस पुन्हा कधी आला नाही.

धाकटा हळूहळू बरा झाला, पण त्याचा आवाज काही परत आला नाही. उरलं ते कुजबुजणं. त्याचं ऐकायचं, तर हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसावं लागे. थोरला रोज जाऊन बसे. झिलईत राख किती, हे आता धाकटा सांगे आणि थोरला कालवी. एखादा शब्द निसटला तर तो म्हणे, "पुन्हा सांग रे. मला नीट ऐकू आलं नाही." हे वाक्य त्याने पूर्वी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

बांबूची नळी त्याने स्वतःच्या हाताने चिखल भरून बुजवली. आणि जुना नियम गावाने मोडला. तेव्हापासून बोलघराचं दार लावण्याआधी उंबऱ्यावर उभं राहून, आत गेलेल्या प्रत्येकाला मोठ्या आवाजात नावाने हाक मारू लागले. तो माणूस समोर येऊन "ओ" म्हणेपर्यंत पहिली वीट ठेवत नसत. माणसाच्या आवाजाने रांजण काही मुके झाले नाहीत. हाक मारायचं काम धाकट्याच्या बायकोकडे दिलं होतं, आणि ती हाक पार नदीपलीकडे ऐकू जाई.

बोध: ज्याला फक्त आपलीच वाहवा ऐकायची असते, त्याला दुसऱ्याच्या जिवाची हाकही गाणंच वाटते.